झिजला होता बुश, आणि आम्ही कापली गाडी



या पानावर मी कांदा, द्राक्ष, पाणी, माती याच्याबद्दल लिहितो. आज गाडीबद्दल लिहितोय. कोणी म्हणेल, शेतीच्या पानावर गाडीचं काय काम? शेवटपर्यंत वाचा, मग सांगा. गेले चार महिने मी ज्या कामात अडकलो होतो त्यातून जे शिकलो, ते शेतालाही लागू पडतं असं माझं मत झालंय.

गाडी म्हणजे आमची फियाट. कागदावर प्रीमियर पद्मिनी, १९७९ चं मॉडेल, १०८९ सीसी पेट्रोल. पण आमच्याकडं तिला सगळे फियाटच म्हणतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. तेच वालचंद, ज्यांनी आपल्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना उभा केला. १९६४ पासून ही गाडी '११०० डिलाइट' नावानं निघायची, १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली.

आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, ही गाडी १९८७ ला तालुक्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. मी त्याच वर्षी दहावी झालो. पहिल्या द्राक्षबागेच्या पैशातून घेतलेली गाडी. गावात तेव्हा जीप दोन होत्या, कार ही एकच.

या गाडीचा गिअर खाली नसतो, स्टेअरिंगच्या मागं डाव्या हाताला असतो. नव्या पोरांनी तो पाहिलेलाही नाही. गिअर वर असल्यामुळं पुढं एकच लांब सीट. नाना चालवायचे, शेजारी आई, कडेला मी, आणि लासलगावच्या बाजाराला जाताना मध्ये आणखी एखादं बारकं पोरगं. गावातल्या किती बाळंतिणी या सीटवर बसून दवाखान्यात गेल्या त्याचा हिशोब नाही.

आता मूळ गोष्ट.

१९९९ च्या सुमारास गिअर त्रास द्यायला लागला. दुसरा टाकायला जावं तर चौथ्याकडं जायचा. कधी मधेच अडकायचा, मग खाली उतरून बॉनेट उघडायचं, आत हात घालून रॉड हलवून गिअर न्यूट्रलला आणायचा, की परत चालू. नाना हे न बोलता करायचे. मला लाज वाटायची. मी अठ्ठावीस वर्षांचा, नवीन लग्न झालेलं, भर बाजारात बॉनेट उघडून उभं राहायचं म्हणजे काय.

एका मेस्त्रीनं सांगितलं, "हा वरचा गिअर म्हणजे कटकटच. काढून टाका. कंपनीनंच शेवटच्या मॉडेलला खाली गिअर दिलाय. तसला गिअरबॉक्स आणून बसवतो." मला पटलं. नानांना पटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आधी बघ तरी कुठं झिजलाय." मी बघितलं नाही. साडेअकरा हजार रुपये घातले. मेस्त्रीनं गिअरबॉक्स बदलला, मधला शाफ्ट कापून त्याच्या मापाचा केला, गॅसनं फरशीला भोक पाडून दांडा वर काढला. लांब सीट आडवं येत होतं म्हणून ते काढून दोन वेगळ्या सीटा टाकल्या.

गाडी चांगली चालली, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसानंतर नाना स्टेअरिंगवर बसले नाहीत. भांडले नाहीत, रुसले नाहीत. "तुझी गाडी, तू चालव," एवढंच. पुढं बसायला दोघांचीच जागा राहिली, त्यामुळं आई मागं गेली. भोकातून पावसाळ्यात पाणी यायचं, उन्हाळ्यात इंजिनची गरम हवा. दहा वर्षांत त्या भोकाच्या कडेनं पत्रा सडत गेला. मग दुसरी गाडी आली आणि फियाट शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं गेली.

मागच्या दिवाळीला कांद्याच्या चाळीचा माळा साफ करताना एक गोणपाट सापडलं. सुतळीनं बांधलेलं. आत स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा, त्याची लांब नळी, वरचं ब्रॅकेट. ग्रीस लावून ठेवलेलं. पंचवीस वर्षं. नानांना विचारलं तर म्हणाले, "लागलं तर असावं." त्यांचं वय आता चौऱ्याऐंशी.

तिथून मी हे काम हातात घेतलं.

आमचा थोरला कृषी पदविका झालेला आहे, हिशोबाला पक्का. त्यानं सरळ विचारलं, "पप्पा, ठिबकचा सँड फिल्टर बदलायचाय, कांद्याचे पैसे निम्मे पण झाले नाहीत, आणि तुम्ही पंचेचाळीस वर्षांच्या गाडीत पैसे घालणार?" त्याचं चुकीचं नव्हतं. पुढं त्याच्याकडं येतो.

आधी काम कसं केलं ते सांगतो, कारण कोणाकडं अशी गाडी पडून असेल तर उपयोग होईल.

वरच्या गिअरची रचना अवघड नाही. दांड्याच्या दोन हालचाली असतात. एका हालचालीनं गिअरची कुठली जोडी ते ठरतं, दुसरीनं त्या जोडीतला कुठला गिअर ते ठरतं. स्टेअरिंगच्या नळीला समांतर एक लांब शाफ्ट खाली जातो, खाली त्याला आर्म असतात, आर्मपासून रॉड गिअरबॉक्सपर्यंत. प्रत्येक सांध्यात बुश. आता साधा हिशोब करा. एका सांध्यात एक सूत ढिलाई, असे चार-पाच सांधे, म्हणजे दांडा हातभर हलला तरी गिअरबॉक्सला त्यातलं निम्मंच पोचतं. एक जोडी अर्धी सुटते, दुसरी अर्धी धरते, आणि गिअर अडकतो. गिअरबॉक्सच्या आत काही बिघडलेलं नसतं. वीस वर्षं चाललेल्या कुठल्याही यंत्राचा बुश झिजणारच, त्यात कोणाचा दोष नाही.

हे तपासायला पैसा लागत नाही. एकानं आत बसून दांडा हळूहळू हलवायचा, दुसऱ्यानं बॉनेटखाली बघायचं की हालचाल कुठं हरवते. जिथं वरचा भाग हलतो आणि खालचा उशिरा हलतो, तो सांधा झिजलाय. १९९९ ला हे पाच मिनिटांचं काम मी केलं नाही.

माझ्या मते गिअरची तक्रार आली की या क्रमानं बघावं:

१) क्लच पूर्ण सुटतो का. तो सुटत नसेल तर गिअर करकरणारच, शिव्या मात्र गिअरबॉक्सला बसतात.

२) इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे रबर माउंटिंग. ते फाटले की जोर दिल्यावर इंजिन हलतं, रॉड ओढले जातात, गिअर निसटतो.

३) रॉड-आर्मचे बुश.

४) रॉडची लांबी. गिअरबॉक्स न्यूट्रलला, दांडाही न्यूट्रलला, आणि मग रॉडच्या आट्यांवर लांबी जुळवून चेकनट घट्ट.

५) एवढं करूनही त्रास असेल तरच गिअरबॉक्स उघडायचा.

आम्ही सुरुवातच पाचपासून केली होती. बरं, उघडलाही नाही, सरळ बदलला.

आता परतीचा प्रवास. माळ्यावर दांडा, नळी, ब्रॅकेट होतं, पण खालचे आर्म, रॉड आणि जुना गिअरबॉक्स तेव्हाच भंगारात गेला होता. तालुक्यात काही मिळालं नाही. कसारा घाट उतरून कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन चकरा मारल्या. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथंच तिचे अवयव शोधत फिरलो. टॅक्सी भंगारात निघत होत्या तेव्हा हे सामान ढिगानं होतं, आता शोधावं लागतं. तिसऱ्या दुकानात एक गिअरबॉक्स मिळाला, आर्म आणि रॉडसकट.

भंगारातला गिअरबॉक्स घेताना एवढं बघा. पुढचा शाफ्ट हातानं फिरवून आवाज ऐका. वर-खाली हलवून ढिलाई बघा. बाजूचे आर्म हातानं हलवून प्रत्येक गिअर पडतो का बघा. तळातलं ऑइल थोडं काढून बोटावर घासा. पिवळी चमक असेल तर पितळी रिंगा गेल्यात, लोखंडी कण टोचले तर दाते किंवा बेअरिंग. आमच्यात पिवळी चमक होती, म्हणून रिंगा, बेअरिंग, ऑइल सील बदललं. क्लच प्लेटच्या मधले दाते नव्या-जुन्या गिअरबॉक्सचे जुळतात का तेही बसवण्याआधी बघायचं. आमचे जुळत नव्हते, प्लेट दुसरी आणावी लागली.

कापलेल्या शाफ्टचं माप परत जुळवलं आणि बॅलन्स करून घेतला. फरशीचा सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, त्याच जाडीचा तुकडा बसवला. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही, लांब लांब टाके मारत जायचं, नाहीतर पत्रा तापून वाकतो. मग प्रायमर, सांध्यात सीलर, वर रंग. लांब सीटची चौकट सुताराच्या शेडमध्ये सापडली, त्याच्या बायकोनं तिच्यावर सरपण रचलं होतं.

बुश मात्र कुठंच मिळाले नाहीत. ते निफाडच्या एका म्हाताऱ्या लेथवाल्यानं पितळेचे कापून दिले. जुना झिजलेला आर्म हातात घेऊन, माप न विचारता म्हणाला, "फियाटचा आहे ना?" त्याच्याकडं काम शिकायला एकही पोरगं नाही. याचं मला गाडीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

एक चूक झाली तीही सांगतो. सगळं बसवून पहिली चक्कर मारली तर चढाला तिसरा गिअर निसटायचा. माझा जीव खाली-वर. मनात आलं, कुर्ल्यात फसलो. आत्ताच्या मेस्त्रीनं हसत दाखवलं, इंजिनचं एका बाजूचं रबर माउंटिंग चिरलेलं. म्हणजे वर लिहिलेल्या यादीतला दुसरा नंबर. मी स्वतःच तो सोडून पुढं गेलो होतो. सवय लवकर जात नाही.

ऑइलबद्दल एक गोष्ट, ट्रॅक्टरवाल्यांनीही वाचावी. आपण 'नव्वद नंबर' म्हणून एकच ऑइल सगळीकडं ओततो. बाटलीवर जीएल-४, जीएल-५ असंही लिहिलेलं असतं, ते बघा. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं मागच्या डिफरन्शियलला लागतात, पण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ती मानवत नाहीत. तसंच ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरला त्याचं वेगळं ऑइल असतं, तिथं साधं नव्वद ओतलं की ब्रेक किंचाळतात. दुकानदार देईल ते न घेता गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते मागा.

आता खर्च. लपवत नाही. गिअरबॉक्स आर्म-रॉडसह ११,०००. त्याच्या रिंगा, बेअरिंग, सील आणि क्लच प्लेट ८,०००. लेथचं काम ३,५००. शाफ्ट ५,०००. पत्रा, वेल्डिंग, रंग ९,०००. सीट १२,०००. मजुरी १८,०००. एकूण ६६,५००.

या साडेसहासष्ट हजारांत मूळ आजाराचा खर्च किती? लेथच्या कामातले चार बुश, ६०० रुपये. बाकी सगळा पैसा आजाराला गेला नाही, आम्ही केलेल्या इलाजाला गेला.

माझं म्हणणं इथंच आहे.

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हा मी रडलो नाही. पाटपाणी सोडून ठिबक केलं ते चांगलंच केलं. खाली गिअर असलेली गाडी वाईट असंही नाही, आज बहुतेक गाड्या तशा आहेत. पण बदल करताना दोन प्रश्न विचारायचे असतात. खरा दोष कुठं आहे हे मी बघितलंय का? आणि जे मी कापतोय ते उद्या परत जोडता येईल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर थांबा. दुसऱ्याचं 'नाही' असेल तर दोनदा थांबा.

शेतात आपण हेच करतो. पान पिवळं पडलं की फवारणीच्या दुकानात. मुळी उकरून बघत नाही, पाणी साचलंय का बघत नाही. लोह कमी म्हणून औषध मारतो, आणि खरा दोष असतो की जमीन वाफशावर येऊच दिली नाही. कृषी सहायक साहेब येतात तेव्हा त्यांनाही आपण रोग विचारत नाही, औषधाचं नाव विचारतो. काही साहेबही, राग मानू नका, बांधावरूनच औषध सांगतात.

बांधावरून आठवलं. २००५ ला मी वरच्या शेताचा मधला बांध जेसीबीनं काढला. दोन तुकड्यांचा एक झाला, ट्रॅक्टरचे फेरे वाचले. तीन पावसाळ्यांत वरची माती खालच्या ओढ्यात. तो बांध परत घातला, पण गेलेली माती कुठून आणणार? गिअरबॉक्स कुर्ल्यात मिळतो. माती मिळत नाही.

थोरल्याच्या प्रश्नाचं उत्तर. हिशोबानं बघितलं तर तो बरोबर आहे. या गाडीला विकून ६६,५०० परत येणार नाहीत. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचा नियम केलाय, पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात नोंदवता येते. पण आमच्या गाडीला पन्नास व्हायला अजून वेळ आहे, आणि तशी नोंद केली की ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. मला तर ती बाजाराला न्यायची आहे. म्हणून मी दर पाच वर्षांनी पासिंग करून घेईन, तेवढंच. फिल्टर या वर्षी बदलला नाही, धुऊन, वाळू बदलून चालवला. पुढच्या वर्षी बदलावाच लागेल. ही किंमत मी मोजली आणि ती माझ्याच चुकीची होती, पोराच्या माथी नको, म्हणून दोन शेळ्या आणि जुना मळणीयंत्राचा सांगाडा विकून निम्मे पैसे उभे केले. ते त्याला सांगितलं. तो गप्प बसला. पण रॉडची लांबी जुळवायला आत दांडा धरून तोच बसला होता, आणि हालचाल कुठं हरवते हे बघायची पद्धत आता त्याला माहिती आहे. परवा पेरणीयंत्राच्या दाण्याची तक्रार आली तर नवीन यंत्राचं नाव काढण्याआधी तो साखळीचे सांधे बघत होता. तेवढ्यानं माझे काही पैसे वसूल झाले असं मी धरतो.

राहिले नाना. त्यांच्या डोळ्यांनी आता गाडी चालवणं होत नाही, आणि आम्ही देणारही नाही. गाडी अंगणात उभी केली, चावी न लावता त्यांना स्टेअरिंगवर बसवलं. शेजारी आई बसली, तिच्या जुन्या जागी. नानांनी क्लच दाबला, डाव्या हातानं सगळे गिअर एकेक करून टाकून बघितले. मी दारात उभा, काय म्हणतात म्हणून.

म्हणाले, "दुसरा जरा जड पडतोय. रॉड अर्धा आटा सोड."

सोडला. आता हलका पडतो.

मंडळी, तुमच्याकडं असं काही कापून टाकलेलं असेल, गाडीतलं, शेतातलं, विहिरीवरचं, तर लिहा. आणि ज्यांच्या माळ्यावर गोणपाटात काही बांधून ठेवलेलं आहे त्यांनी भंगारवाल्याला द्यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

लेथचं काम शिकायची तयारी असलेलं एखादं पोरगं ओळखीत असेल तर मला जरूर कळवा. आमच्या लेथवाल्या बाबांची नजर अजून दोन-चार वर्षं चालेल. तेवढ्यात कोणीतरी शिकून घ्यायला हवं.